वोब्रूनचा मनोरा, आम्ही दोघं आणि नियमानं आलेले छत्तीस

आमच्या वोब्रून गावात पाहण्यासारखं काय काय आहे, हे आम्हाला सोडून सगळ्या जगाला ठाऊक आहे. उन्हाळा लागला की डच माणसं येतात, बेल्जियमची माणसं येतात, चौकात उभं राहून तेराव्या शतकातल्या मनोऱ्याकडे माना वर करून बघतात, आणि आम्ही लांबलचक पाव काखेत मारून त्यांच्यामधून वाट काढत घरी जातो. मान वर करायची आमच्यात पद्धतच नाही. मनोरा काय, आहेच तिथं. सातशे वर्षं कुठं गेला नाही, तो आता कशाला जातोय?

माझं नाव फिर्मां देल्पेश. इथल्या नोटरीच्या कचेरीत मी एकतीस वर्षं मुख्य कारकून होतो आणि आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. लोकांच्या घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद मी इतके केलेत की गावातल्या कुठल्या घराच्या कुठल्या भिंतीवरून कुठल्या दोन भावांत अबोला आहे, ते मी झोपेत सांगेन. पण आपलंच घर विकायला निघेल, असं माझ्या स्वप्नातही कधी आलं नव्हतं.

ऑगस्टच्या अखेरीस एका दुपारी माझी बायको सोलांज घेवड्याच्या शेंगा मोडता मोडता म्हणाली, "फिर्मां, मी घराच्या एजंटला बोलावलंय."

"कशाला?"

"एजंटला कशाला बोलावतात? केस कापायला?"

मग सगळं बाहेर आलं. तिची बहीण मिरेय समुद्रकिनारी राहते. तिच्या शेजारचं छोटं घर रिकामं होतंय. खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणजे गच्चीवर जाऊन डावीकडे वाकलं तर दिसतो. तू निवृत्त झालास, मुलगी लियोंला असते, आता इथं आपलं काय ठेवलंय?

"काय ठेवलंय म्हणजे?" मी म्हणालो. "अगं, मनोरा आहे. लाकडी जोड्यांचं संग्रहालय आहे. जुना धुण्याचा हौद आहे, त्याचं छप्पर बघायला लोक पॅरिसहून येतात. बंद पडलेल्या रेल्वेच्या रुळांवर पेडलगाड्या सुरू केल्यात. काय नाहीये या गावात?"

"मनोऱ्यावर गेलायस कधी?"

मी टोपलीतली एक शेंग उचलून मोडायला घेतली.

"लग्न ठरलं तेव्हा मला म्हणाला होतास, तू वोब्रूनला ये तर खरी, एक दिवस तुला मनोऱ्यावर नेतो. मी आले. एकतीस वर्षं खाली उभी आहे."

हे ती रागानं बोलली असती तर मी भांडलो असतो. ती शेंगा मोडत होती. मला अगदी कसंसंच झालं.

एजंट ऑगस्टभर सुट्टीवर होता, आणि सुट्टीवरून आल्यावर सुट्टीचा शीण घालवणार होता. त्यामुळे तो यायचा होता सप्टेंबरात, जुन्या वास्तू लोकांना दाखवतात त्या वारसा दिनानंतरच्या सोमवारी, सकाळी दहा वाजता. मी लगेच म्हणालो, "वारसा दिनाचा रविवार मला दे. तुला अख्खं गाव दाखवतो, फक्त आपण दोघं. संध्याकाळपर्यंत तुला इथं राहावंसं वाटलं नाही, तर सोमवारी मी स्वतःच्या हातानं सही करीन."

सोलांजनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "निळा झगा घालते मग," ती म्हणाली. निळा झगा ती लग्नकार्यालाच काढते.

मी त्या रात्री इतका खूश होतो की वहीत वेळापत्रकसुद्धा आखलं. दहा ते अकरा मनोरा. अकरा ते बारा संग्रहालय. बारा ते साडेतीन हौदाकाठी जेवण. साडेतीनला पेडलगाडी. याहून सोपं काही असतं का?

मंगळवारी मी पर्यटन कार्यालयात गेलो. ते मंगळवार आणि गुरुवार सकाळी साडेनऊ ते पावणेबारा उघडं असतं, म्हणजे पर्यटकांना चुकवण्याची पुरेपूर काळजी घेतलेली आहे. तिथं मादाम पेशो बसतात. अंगानं उभट, चष्मा साखळीला.

"मनोरा पाहायचाय," मी म्हणालो.

"कितीजण?"

"दोघं."

त्यांनी चष्मा काढला. "मस्यू देल्पेश, दोघांसाठी मनोरा उघडत नाही. विमा आहे. वारसा दिनाला फक्त नोंदणीकृत संस्थेच्या गटाला वर सोडतो. गटात कमीत कमी बाराजण."

"अहो, पण मी इथलाच आहे."

"म्हणूनच सांगते. बाहेरचे लोक आठवडाभर आधी अर्ज तरी करतात."

तिथून मी तडक शेजारी ओक्ताव कुर्तादकडे गेलो. कुर्ताद पोलिसातून निवृत्त झालाय, पण शिट्टी अजून खिशात असते. तो चिनारांच्या खाली लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळत होता, आणि भोवती त्याचे पाच-सहा सोबती होते. मी अडचण सांगितली. आमच्याकडे खेळ चालू असताना माणसं आईच्या मरणाची बातमी आली तरी 'एवढा डाव होऊ दे' म्हणतात, पण सरकारी अडचण म्हटली की गोळ्या खाली ठेवतात.

"संस्था काढ," कुर्ताद म्हणाला.

"दोघांना मनोरा बघायला संस्था?"

"अध्यक्ष, खजिनदार, सचिव. बास. मी खजिनदार होतो."

"खजिना कुठाय?"

"नसतो. म्हणूनच तर मी होतो म्हणतोय."

मला पटत नव्हतं, पण खरं सांगायचं तर 'अध्यक्ष' हा शब्द कानाला बरा वाटला. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्या कुठं करायच्या ते पेन्सिलीनं फुली मारून दाखवलं होतं. आता माझ्या सहीसाठी कुणीतरी फुली मारणार होतं.

घटना लिहायला वेळ नव्हता. कुर्ताद गावच्या गळानं मासे धरणाऱ्यांच्या गळकरी मंडळाचाही खजिनदार आहे, त्यानं त्यांची घटना आणून दिली. आम्ही वरचं नाव खोडून 'वोब्रून जुने दगड मित्रमंडळ' असं घातलं आणि बाकी मजकूर घाईत तसाच ठेवला. त्यामुळे कायद्यानं आजही आमच्या सभासदांवर वीतभरापेक्षा लहान मासा पाण्यात परत सोडण्याचं बंधन आहे. सरकारी कार्यालयानं घटना वाचून मंजूर केली. वाचून म्हणजे शिक्का मारून.

आता सभासद हवे होते बारा. मी पावाच्या दुकानात एक चिठ्ठी लावली. ही माझी चूक. पावाच्या दुकानात लावलेली चिठ्ठी आमच्या गावात दोन तासांत स्मशानापर्यंत पोचते. शुक्रवारपर्यंत माझं धरून सदतीस नावं झाली. औषधाच्या दुकानातल्या दोघी बहिणी, खाटीक आणि त्याची सासू, चर्चच्या गायनवृंदातले अकराजण. सगळे जन्मापासून वोब्रूनमध्ये राहणारे, आणि एकही कधी मनोऱ्यावर गेलेला नाही. प्रत्येकजण माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, "कुणाला सांगू नका, पण मी अजून पाहिलाच नाही." आणि खरं सांगतो, माझा ऊर भरून यायचा. गावच्या छातीतली एक जुनी सल मी उघडली होती. मला रात्री झोप येईना. मी आरशासमोर उभं राहून भाषण म्हणायला लागलो.

"फिर्मां," सोलांज एकदा अंथरुणातून म्हणाली, "आपण दोघं जाणार होतो ना?"

"दोघंच जातोय. ते फक्त विम्यापुरते आहेत."

सभासद नसलेल्याला वर सोडत नाहीत, म्हणून तिचाही अर्ज मी भरून घेतला. नंबर अडतीस. शेवटचा. हे मी तेव्हा लक्षातही घेतलं नाही.

रविवार उजाडला. आकाश असं स्वच्छ होतं की मनोऱ्याच्या टोकाचा वाकडेपणा आमच्या न्हाणीघरातून दिसत होता. सोलांज निळा झगा घालून खाली आली, कानात आईचे मोती, आणि दार उघडलं तर समोर छत्तीस माणसं. कुर्तादनं सगळ्यांना दोन रांगांत उभं केलं होतं.

ती उंबऱ्यावर थांबली. "तू मला फिरायला नेणार होतास."

"नेतोय की."

"आणि हे सगळे?"

"हे नियमानं आलेत," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग रांगांकडे, आणि निमूटपणे जाऊन औषधवाल्या बहिणींच्या मागे उभी राहिली. मी पुढे जाऊन मोर्चाचं तोंड धरलं. अध्यक्षाला मागे राहता येत नाही.

मनोऱ्याची किल्ली मादमोआजेल सिदोनीकडे असते. वय चौऱ्याऐंशी, गावच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलेलं, त्यामुळे आमच्यातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी कधी ना कधी ओढलेले. मी दाराशी कार्ड काढून भाषण सुरू केलं. "बंधुभगिनींनो, इ.स. बाराशे बाऐंशी साली..."

"बाराशे अठ्ठ्याऐंशी," सिदोनीबाई म्हणाल्या.

"बाराशे अठ्ठ्याऐंशी साली या भव्य वास्तूची..."

"खिशातला हात काढ, देल्पेश."

छत्तीस माणसांसमोर मी खिशातला हात काढला. सोलांज मागून हसल्याचं ऐकू आलं, आणि त्याचं मला वाईट वाटण्याऐवजी बरं वाटलं. म्हटलं, दिवस रंगात येतोय.

वर एका वेळी नऊजणच जाऊ शकतात. नावं नंबरानं. म्हणजे अध्यक्ष पहिल्या तुकडीत, आणि नंबर अडतीस शेवटच्या. जिना इतका अरुंद, की खाटकाची सासू अडकली की मागचे सगळे इतिहासजमा. पण वर पोचलो आणि माझा श्वासच थांबला. आमचं आख्खं गाव पायाखाली होतं. लाल कौलं, नदीचं वळण, पलीकडे सूर्यफुलांची वाळलेली शेतं, आणि मध्ये आमच्या घराचं छप्पर. आमचं छप्पर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. धुराड्याजवळची तीन कौलं सरकलेली होती, तरी मला ते राजवाड्यासारखं वाटलं. मला वाटलं, हे सोलांजला दाखवावं, आत्ता, इथं उभं करून, बोट दाखवून. पण खाली कुर्तादनं शिट्टी मारली. पहिल्या तुकडीची वेळ संपली होती.

शेवटच्या तुकडीची वेळ आलीच नाही. साडेअकरा झाले आणि सिदोनीबाईंनी दार ओढून घेतलं. "माझी कोंबडी भट्टीत आहे," त्या म्हणाल्या. रविवारच्या कोंबडीपुढे कुणी बोलू शकत नाही. माझ्या समोर त्यांनी हातभर लांब किल्ली फिरवली. तुकडी पाचमधले दोघं, म्हणजे नंबर सदतीस आणि नंबर अडतीस, खालीच राहिले.

"पुढच्या वर्षी," मी सोलांजला म्हणालो.

"हो का?" ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी इथं कुठे असणार?"

मी तिच्याकडे एक पाऊल टाकलं. पण अध्यक्षाला थांबता येत नाही. संग्रहालय बाराला बंद होतं, आणि दारावर दुसरी टोपी घालून मादाम पेशोच बसल्या होत्या. आम्ही आत शिरलो तेव्हा बाराला दहा कमी होते. लाकडी जोड्यांचे दोनशे नमुने आहेत. आम्ही आठ पाहिले, तेही सगळे डाव्या पायाचे. चर्चची घंटा सुरू झाली, मादाम पेशोंनी दिवे मालवले, आणि गायनवृंदातले तिघे अंधारात एका काचेच्या कपाटावर आदळले. "बारा म्हणजे बारा," मादाम पेशो काळोखातून म्हणाल्या.

जेवणाचं मात्र सांगायलाच हवं. हौदाकाठी प्रत्येकानं आणलेलं बाहेर काढलं. अक्रोडाचा केक, डुकराच्या मांसाची थंड वडी, बदकाचा लगदा, चार प्रकारचं बकरीचं चीज, खाटकाच्या सासूनं केलेलं टोमॅटोचं काहीतरी, आणि कुर्तादच्या मेव्हण्याची लाल वाइन. वाइन पिताना डोळे मिटावे लागत होते, पण पिऊन झाल्यावर उघडायची इच्छा होत नव्हती. छप्पर बघायला कुणाला वेळ नव्हता. सोलांज औषधवाल्या बहिणींमध्ये बसली होती आणि तिघी हसून हसून लाल झाल्या होत्या. मी दोनदा तिच्याकडे जायला उठलो. पहिल्यांदा कुणीतरी सभासदत्वाचं कार्ड मागितलं, आणि दुसऱ्यांदा कुर्तादनं माझ्या आरोग्यासाठी पेला उचलला. अध्यक्षाच्या आरोग्यासाठी पेला उचलल्यावर अध्यक्षाला तिथून हलता येत नाही.

साडेतीनला आम्ही जुन्या स्टेशनवर पोचलो. रुळांवर दहा पेडलगाड्या ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येकीत दोघांनी पेडल मारायचं, दोघांनी मधल्या बाकावर बसायचं. पाच किलोमीटरवर झाडीतला एक पडीक थांबा, तिथं गाडी फिरवायची आणि परत. तिकिटाच्या खिडकीवर पाटी होती, 'पाच मिनिटांत येते.' आमच्या देशातली ही पाटी मी साठ वर्षं बघतोय. तिच्यावर कुठून पाच मिनिटं धरायची, ते लिहिलेलं नसतं.

"आपल्या नोंदणीची चिठ्ठी साडेतीनची आहे," मी म्हणालो. "साडेतीन झाले. निघायचं."

"खिडकीवर कुणी नाही," सोलांज मागून म्हणाली. "विचारून जाऊ या."

"मी अध्यक्ष आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी तोपर्यंत मनातल्या मनातच म्हटलं होतं. मोठ्यानं पहिल्यांदाच. कुर्तादनं गाड्या अडकवलेला आकडा काढला, शिट्टी मारली आणि आम्ही सुटलो.

मंडळी, काय सांगू. पुढच्या गाडीत मी आणि कुर्ताद पेडलवर, बाकावर मानाच्या पाहुण्या सिदोनीबाई. मागे नऊ गाड्या, गायनवृंद गातोय, दोन्ही बाजूंना ब्लॅकबेरीची झुडपं, वाऱ्यानं टोपी उडायला आलेली. असा आनंद मला निवृत्तीच्या निरोप समारंभातसुद्धा झाला नव्हता, आणि तिथं घड्याळ मिळालं होतं. दोन किलोमीटर गेलो. वळण आलं. वळणापलीकडून आणखी एका गायनवृंदाचा आवाज आला.

मी ब्रेक दाबला. समोरच्यानंही दाबला. दोन गाड्यांची नाकं एकमेकांना टेकली आणि मागे एकामागून एक अठरा गाड्या ठकाठक आदळल्या.

समोरच्या गाडीवर सेंट-लॉर्मिए गावच्या वारसा मंडळाचे अध्यक्ष मस्यू बार्दू बसले होते. सेंट-लॉर्मिए आमच्यापासून नऊ किलोमीटरवर आहे आणि आमची त्यांच्याशी क्रांतीच्या आधीपासून बोलाचाली नाही. ते दोन वाजता निघाले होते, साडेतीनला परत पोचायचे होते, आणि थांब्यावर जेवणात रमले होते. रूळ एकच.

"तुम्ही गाड्या खाली उतरवा," बार्दू म्हणाले. "परतणाऱ्याला हक्क असतो."

"हक्क वेळेवर असणाऱ्याला असतो," मी म्हणालो. "माझी चिठ्ठी साडेतीनची आहे."

"मी अध्यक्ष आहे."

"मीसुद्धा."

दोन्हीकडून कुजबूज सुरू झाली. एकेक गाडी शंभर किलोची. कुर्ताद म्हणाला, गाड्या उतरवायच्या कुणी, ते लेखी नियमात असणारच. बार्दू म्हणाले, दाखवा नियम. मी म्हणालो, दाखवतो. आता मागे हटणं शक्यच नव्हतं. अख्खं वोब्रून माझ्याकडे बघत होतं. मी गाडीतून उतरलो, कोटाची बटणं लावली आणि सांगितलं, "मी नियमपुस्तक घेऊन येतो. तोपर्यंत कुणीही जागचं हलू नये."

शेवटच्या गाडीपाशी सोलांज बसली होती. "फिर्मां, अरे ऐक," ती म्हणाली, "यात काय एवढं..."

"आत्ता नाही," मी म्हणालो.

रुळांच्या खडीवरून चालायला माझे लग्नकार्याचे बूट शिवलेले नव्हते. दोन किलोमीटरला मला पाऊण तास लागला. तिकिटाच्या खिडकीत तिसरी टोपी घालून मादाम पेशो होत्या.

"माझ्या दहा गाड्या कुठे आहेत?" त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं आणि नियमपुस्तक मागितलं.

"दोन गटांमधले वाद तिकिटघराच्या कक्षेत येत नाहीत. पर्यटन कार्यालयाकडे लेखी अर्ज करा."

"पण तिथं तुम्हीच असता."

"मंगळवारी," मादाम पेशो म्हणाल्या.

शेवटी दया येऊन त्यांनी पुस्तक दिलं. चाळीस पानं. मी परत चालायला लागलो आणि वाचत वाचत गेलो. कुत्री, छत्र्या, गरोदर बायका, सगळ्यांसाठी नियम होता. पान बत्तीसवर सापडला. 'समोरासमोर आल्यास दोन्ही गटांनी सामंजस्य दाखवावं.' याचा पुरावा म्हणून उपयोग करायचा कसा? टाचेला फोड आला होता. मनात मी वाक्यं जुळवत होतो.

वळणावर पोचलो तर रुळांवर कुणी नव्हतं. एक अक्रोडाचं टरफल पडलं होतं. मी चक्क रुळांच्या मध्ये बसलो. अख्खी संस्था नाहीशी झाली होती, आणि बायको त्यातच होती. मला तेव्हा पहिल्यांदा लख्ख कळलं, की सकाळपासून मी छत्तीस माणसं पन्नासदा मोजली, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तिच्याशी धड दहा वाक्यं बोललो नाही. उद्या दहाला एजंट येणार. मी सही करणार. आणि तिची आठवण काय, तर नवरा रुळांवरून पाठ फिरवून चालत गेला. मी उठलो आणि लंगडत पुढे पळायला लागलो. साठीच्या माणसानं रुळांवरून पळू नये, हाही नियम पुस्तकात होता.

झाडीतल्या थांब्यावर पोचलो तेव्हा टाळ्या चालल्या होत्या. फलाटावर सगळं वोब्रून उभं होतं, आणि मध्ये एका उलट्या टोपलीवर सोलांज. निळ्या झग्यावर ग्रीसचा डाग, केस विस्कटलेले. मी जन्मात तिला इतकी सुंदर पाहिली नव्हती.

"तुम्ही आलात कसे?" मी धापा टाकत विचारलं.

"बदलून," कुर्ताद म्हणाला. "तू गेल्यावर पाऊण तास हुज्जत चालली, मग सोलांज पुढे आली. म्हणाली, त्यांना तिकडं जायचंय, आपल्याला इकडं. माणसं बदला, गाड्या जिथल्या तिथं राहू द्या. आम्ही उतरलो, त्यांच्या गाड्यांत बसलो, ते आमच्या. चार मिनिटं लागली. त्यांनी निघताना आपल्याला चीज दिलं."

"सेंट-लॉर्मिएनं? आणि ते मला रस्त्यात भेटले कसे नाहीत?"

"तू वाचत येत होतास," सिदोनीबाई म्हणाल्या. "त्यांनी स्टेशनवरून फोन केला, म्हणाले, एक माणूस रूळ सोडून कडेकडेनं पुस्तक वाचत चाललाय, आम्ही हाका मारल्या. वाचताना लक्ष द्यायची सवय तुला लहानपणापासून. बस, देल्पेश. तुला एक सांगायचंय."

कुर्ताद स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

झालं होतं असं, की गळकऱ्यांच्या घटनेतलं एक कलम कुर्तादला तोंडपाठ होतं. अध्यक्ष सहलीच्या वेळी सभासदांना काठावर सोडून निघून गेल्यास, उपस्थितांनी जागच्या जागी असाधारण सभा घ्यावी. तीन चतुर्थांशाहून जास्त लोक हजर होतेच. सर्वांत ज्येष्ठ म्हणून सिदोनीबाईंनी सभा चालवली, माझ्या भाषणाच्या कार्डांच्या मागच्या बाजूवर मतदान झालं, आणि मी पडलो.

"नवा अध्यक्ष कोण?" मी विचारलं, आणि विचारतानाच कळलं.

तीन आठवडे मी धावाधाव केली, अर्ज केले, शिक्के आणले, आणि खडीवरून चार किलोमीटर चालत असताना माझ्या मागे, लहान मासा परत सोडा म्हणणाऱ्या घटनेनं मला काढून टाकलं. पण सगळे इतक्या आनंदात होते की रागवायलाही जागा नव्हती. खाटकाच्या सासूनं माझ्या हातात वाइनचा पेला दिला आणि फोडावर लावायला औषधवाल्या बहिणींनी पट्टी. मी सोलांजसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "अभिनंदन, मादाम अध्यक्ष."

परतीच्या वेळी तिनं सांगितलं, नवा अध्यक्ष शेवटच्या गाडीतून येईल, आणि त्या गाडीत दोघंच बसतील. गायनवृंद पुढे निघून गेला, त्यांचं गाणं बारीक होत गेलं. ऊन झाडांच्या बुंध्यांवर आलं होतं. आम्ही दोघं शेजारी शेजारी पेडल मारत होतो.

"किती मतं पडली तुला?" मी शेवटी विचारलं.

"छत्तीस."

"हजर सदतीस होते."

"एक तुझ्या बाजूनं पडलं."

"कुणाचं?"

"गुप्त मतदान होतं, फिर्मां," ती म्हणाली आणि समोर बघत राहिली. तिचे कान मात्र लाल झाले होते.

मग म्हटलं, आता लांबवण्यात अर्थ नाही. "सोलांज, आजचा दिवस मी वाया घालवला. मनोऱ्यावरसुद्धा तुला नेलं नाही. मी शब्द दिलाय. उद्या दहाला एजंट आला की सही करतो."

"उद्या दहाला मला जमायचं नाही," ती म्हणाली.

"का?"

"अध्यक्ष बदलल्याची नोंद सरकारी कार्यालयात करायला जायचंय. मग सिदोनीबाईंशी बोलायचं, रविवारच्या कोंबडीची वेळ बदला म्हणून. पेशोबाईंना भेटायचं. सेंट-लॉर्मिएवाल्यांना मी मे महिन्यात जेवायला बोलावून बसलेय. आणि पुढच्या सप्टेंबरात मनोऱ्यावर पहिल्या तुकडीत मी असणार, हे आत्ताच लिहून ठेव. तुला सचिव केलंय."

"मग एजंट?"

"त्याला मी थांब्यावरूनच फोन करून नको म्हणून सांगितलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवायला कडेच्या झुडपांकडे तोंड फिरवलं आणि सोलांजचा हात हातात घेतला.

"हात नंतर धर," अध्यक्ष म्हणाल्या. "आधी पेडल मार. मघापासून गाडी मी एकटीच ओढतेय."